फाटकावरचा फोटो

वॉचमनने मोबाइल समोर धरताच शेवंताबाईंनी पदर सारखा केला. मुलाला न कळवता त्या पहिल्यांदाच पुण्याला आल्या होत्या.

“आजी, फोटो साहेबांना गेला. ते हो म्हणाले की सोडतो.”

“फोटो बघून धावतच येईल बघ.”

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मुलगा फोनमध्ये डोकं खुपसून उभा दिसला. त्या हाक मारणार, तोच वॉचमन ओशाळून म्हणाला, “नको म्हणालेत. दिवसभर सेल्समन येतात ना, साहेब न बघताच ‘नको’ दाबतात. फोटो परत पाठवू?”

“राहू दे.”

परतीच्या एसटीत मुलाचा फोन आला. “आई, कारळाची चटणी संपली गं. कधी येतेस?”

शेवंताबाईंनी मांडीवरचा डबा घट्ट धरला. “आजच येऊन गेले रे.”

“बरं बरं. दुसरा कॉल येतोय, ठेवतो हं.”