खिंडीतली सही

चौथ्या फेरीला फाटकवाल्याच्या डोक्यात उजेड पडला. कवळीवाल्या काकू थांबत नाहीयेत असं नाही, त्यांना थांबताच येत नाहीये.

खिंडीच्या माथ्यावर, फाटकाच्या अलीकडे चहाची टपरी होती. तिच्याभोवती काकूंची मोटरसायकल घरघरत गोल फिरत होती. काकू टपरीच्या डावीकडून उगवायच्या, एक वाक्य टाकायच्या आणि उजवीकडे मावळायच्या.

"गुडघे धरलेत!" ओरडल्या आणि गेल्या.

परत उगवल्या. "पाय खाली येत नाही! थांबले की आडवी होईन!"

टपरी फाटकवाल्याच्या मेहुण्याची. दोघं तासभर खालच्या वळणांवरून चढत येणारा एक ठिपका बघत बसले होते. सकाळपासून त्या रस्त्यावर चिटपाखरू फिरकलं नव्हतं. तिन्ही बाजूंना पांढरी शिखरं, कड्यांवर हातभर लांबीचे बर्फाचे सुळे, आणि त्या सगळ्या पांढऱ्यातून वर आलेली चाकाची एकच काळी रेघ. घसरू नये म्हणून काकूंनी मागच्या चाकाला सुंभ गुंडाळला होता. त्यामुळे रेघेत वीत-वीतभर अंतरावर गाठी उठल्या होत्या.

"दाजी, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं एकटीनं घाट काढला," मेहुणा म्हणाला. "आणि तुम्ही? गरम पाण्याची बादली उचलायला ताईला हाक मारता."

"गप ए. चार वाजायला अकरा मिनिटं आहेत."

आज चारला फाटक पडलं की बर्फ वितळेपर्यंत, म्हणजे तीन महिने, बंद. आणि पलीकडच्या गावात उद्या मास्तरांच्या नातीचं लग्न होतं. कवळी आल्याशिवाय तोंड उघडणार नाही, असं मास्तरांनी जाहीर केलं होतं. आजोबा हसल्याशिवाय फोटो काढणार नाही, असं नातीनं. ती कवळी या क्षणी काकूंच्या स्वेटरच्या आत, रुमालात गुंडाळून, टपरीभोवती फिरत होती.

मेहुण्यानं पराक्रम करायचं ठरवलं. धावत जाऊन त्यानं मागून गाडीचं कॅरियर धरलं. गाडी थांबली नाही. मेहुणाही थांबला नाही. बर्फावर बुड टेकून त्यानं स्वतःच्या टपरीला एक अख्खी फेरी मारली आणि स्वतःच्याच बाकड्याखाली जाऊन अडकला.

"काकू, दोघं मिळून उतरवून घेऊ का?" त्यानं बाकड्याखालून विचारलं.

"उतरवाल रे! पण सरळ कोण करणार? तासभर शेकावं लागेल मला! फाटक उघडा!"

"आधी सही!" फाटकवाला वही उंच धरून ओरडला. "गाडी थांबवायची, उतरायचं, सही करायची, मग फाटक! बावीस वर्षांत साहेबांच्या साहेबांनाही सोडलं नाही मी!"

"हात सुटत नाहीयेत हो! बोटं मुठीलाच चिकटलीत!"

"आणि तिकडे हरवलात तर? कोण गेलं होतं ते कळायला नको?"

उत्तर यायला फेरीभर वेळ लागला. "मी हरवणार नाही!"

"सगळे हेच म्हणतात!"

मेहुण्यानं चहाचा पेला घेतला आणि शेजारून पळत पळत तो काकूंच्या तोंडाला लावला. अर्धा चहा काकूंच्या पोटात गेला, अर्धा मफलरवर सांडून तिथंच गोठला.

"काकू, पण तिकडे थांबणार कशा?" तो धापा टाकत म्हणाला.

"मास्तरांच्या दारात गवताची गंजी आहे! दर हिवाळ्यात तिथंच थांबते!"

"आणि परत?"

काकू गेल्या, आल्या. "परत कशाला लगेच? अजून अकरा बोळकी वाट बघतायत तिकडे!"

फाटकवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं. तीन मिनिटं. मग खाली घाटाकडे पाहिलं, त्या गाठीगाठींच्या रेघेकडे. ती कुठंही तुटली नव्हती.

त्यानं फाटकाचा दोर ओढून दांडा वर केला, दोर खुंटाला बांधला. वही उघडली, आजचं पान काढलं आणि फाटकाच्या बरोबर खाली, रस्त्याच्या मधोमध ठेवली. वारा पानं उलटायला लागला, तसा तो एका बाजूला गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही कडा दोन्ही हातांनी दाबून धरल्या.

"दाजी, बोटं!"

"बोटांचं मी बघतो. त्यांना सांग, रकाना उजवीकडचा!"

"काकू, उजवीकडचा!" मेहुण्यानं टपरीमागे हाळी दिली.

काकू उगवल्या. या वेळी वळल्या नाहीत. मुंडी खाली, नाकाचा शेंडा लालबुंद, नजर वहीवर. कवळीत दात बसवताना असते ना, तशी. फाटकवाल्यानं डोळे मिटले. पुढचं चाक गेलं, मागचं गेलं. त्यानं डोळे उघडले आणि बोटं मोजली. दहाच्या दहा होती.

उताराला लागलेल्या गाडीनं तीनदा हॉर्न दिला. पलीकडच्या बाजूला ऊन होतं. त्या उन्हात काकू वळण घेताना एकदा दिसल्या, मग आणखी खाली एकदा, गुडघे तसेच, पाठ तशीच, जणू गाडीबरोबरच कारखान्यातून आल्या होत्या.

चार वाजले. फाटकवाल्यानं दांडा खाली घेतला, कुलूप लावलं आणि वही झटकली. सहीच्या रकान्यात सुंभाची एक गाठ अगदी नेमकी उमटली होती. पुढे मात्र ठसा रकान्यात मावला नव्हता. खालच्या सगळ्या कोऱ्या ओळी ओलांडून तो पानाबाहेर निघून गेला होता.

"पान वाया गेलं की हो," मेहुणा म्हणाला.

गोठलेलं पेन फाटकवाल्यानं चहाच्या पेल्याला टेकवून गरम केलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'थांबल्या नाहीत.'