मयताचं पाणी

अनसूयेच्या सासूला अग्नी देऊन माणसं अंगणात परतली. आंघोळीशिवाय कुणी घरात शिरेना, आणि नळ कोरडा. पूर्वी गावात मयत झालं की ग्रामपंचायतीचा शिपाई पाळी नसतानाही पाणी सोडायचा. आता गाव महापालिकेत गेलं होतं. अनसूयेनं शहरात पालिकेच्या तक्रार केंद्राला फोन लावला.

“पाणी परवा येईल, मॅडम.”

“अहो, घरात मयत झालंय!”

“तक्रारीत तसा पर्याय नाही इथे. गळती लिहू, की कमी दाब?”

“काय सरपंचबाई, झालो की नाही शहर?” म्हातारा शेजारी म्हणाला. विलीनीकरणाच्या ठरावावर तिचीच सही होती. पेढेही तिनंच वाटले होते.

तिनं पिण्याचा हंडा बाहेर आणला. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला.

“राहू दे, पोरी. परवापर्यंत प्यायचं काय?”

न्हाल्यावाचूनच माणसं आपापल्या घरी निघाली.