सत्तेचाळिसावी फुटनोट

"यशोधन भैया, माह्यं राशनकार्ड देता का आता?" प्रेमलाबाई दारातूनच म्हणाली. "आज महिन्याचा आखरी दिवस हाय. दोन वाजता दुकान बंद होते. मंग या महिन्याचे चावल गेलेच समजा."

रायपूरच्या त्या लॉ कॉलेजात ती मेस सांभाळायची. यशोधन पोरांच्या कायदा-पत्रिकेचा संपादक. यंदाचा अंक अन्नाच्या अधिकारावर होता, आणि सत्तेचाळिसाव्या फुटनोटेत पुरावा म्हणून प्रेमलाबाईचं कार्ड होतं. पत्रिकेचा नियम कडक. झेरॉक्स चालत नाही. मूळ कागद दोन संपादकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, सह्या करायच्या, मगच परत. कार्ड आठ दिवसांपासून कपाटात होतं.

"बस, एक सही बाकी है मौशी. शर्मिष्ठाची."

"थे कुठी हाय?"

"मेसमध्ये. जेवण लागलं नाही म्हणून बसून राहिली."

"जेवण कोन लावते?"

यशोधननं जरा विचार केला. "आप."

"अन् मी कुठी उभी हाय?"

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. प्रेमलाबाई धावत मेसमध्ये गेली, वरणभात वाढला. शर्मिष्ठानं भात दोनदा घेतला. हात धुतले, सावकाश वर पत्रिकेच्या खोलीत आली. कार्ड उलटंसुलटं पाहिलं, त्यावरची घरातली माणसं लेखातल्या माणसांशी ताडून पाहिली, सही केली. नियमाप्रमाणे खाली वेळही टाकली. दोन वाजून बारा.

प्रेमलाबाई कार्ड घेऊन दुकानावर गेली आणि तशीच परत आली. शटर खाली होतं.

यशोधनला खरंच वाईट वाटलं. "मौशी, टेन्शन मत लो. हे पण टाकतो ना आपण. या महिन्यात कार्डधारकाला धान्य मिळालं नाही. फुटनोट एकदम जबरदस्त होईल."

"सोर्स काय देशील?" शर्मिष्ठानं विचारलं.

प्रेमलाबाई मेसमागच्या आपल्या खोलीत गेली. आली ती तांदळाचा पिपा घेऊन. टेबलावर प्रुफांच्या गठ्ठ्यावर तिनं तो ठेवला आणि झाकण काढलं.

"झेरॉक्स नाही हाय," ती म्हणाली. "दोघंबी वाकून पाहा. मंग सह्या करा."