गोडसर वास

बायको कामावरून आली की तिच्या केसांना एक गोडसर वास यायचा. आल्या आल्या ती थेट न्हाणीघरात शिरायची, धावत आलेल्या लेकीलाही जवळ घ्यायची नाही. "कसला गं हा वास?" असं त्याने विचारलं की म्हणायची, "कामाचा." पण संशयाचा किडा त्याच्या डोक्यात शिरला होता, तो काही गप्प बसेना. शेवटी एका दुपारी, घरी राहिलेला डबा द्यायच्या निमित्ताने तो तिच्या कारखान्यात जाऊन थडकला.

खोलीत ती एकटीच होती. समोरच्या सुईतून डोळ्यांना धड दिसतही नाही इतका बारीक धागा उडत होता आणि फिरत्या ड्रमवर त्याची सायीसारखी जाळी धरत होती. दवाखान्यांतली हवा गाळायला ही जाळी जायची. आणि तोच वास! धाग्याचं प्लास्टिक विरघळवणाऱ्या रसायनाचा. त्याचं डोकं गरगरलं.

"हवा बाहेर टाकायचा पंखा बंद का?"

"लावला की धागा भरकटतो. माल नासतो, मग साहेब ओरडतात."

"म्हणजे रोज बंदच?"

तिने विषय बदलला. "खरं सांग, डबा द्यायलाच आलास ना?"

"नाही. मला वाटलं, तुझं बाहेर कोणीतरी आहे."

ती हसायला गेली आणि खोकतच राहिली. "मग? झाली खात्री?"

त्याने पंख्याचं बटण दाबलं.

"कोणीतरी असतं तर बरं झालं असतं गं."