सातवी पिशवी

"बाकी अकरा पिशव्या ठणठणीत आहेत ना? मग एका पिशवीसाठी घोडं कुठे अडलंय?" साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि प्रयोगशाळेचा कागद तपासनिसाच्या पुढ्यात सरकवला.

घोडं सात नंबरपाशी अडलं होतं. बॅटऱ्यांच्या बंद पडलेल्या कारखान्यामागच्या वसाहतीतली माती तपासायची होती. अकरा पिशव्यांत शिसं नावापुरतं होतं. सातव्या पिशवीत मर्यादेच्या नऊपट.

"नऊपट, साहेब! कुणाच्या तरी दारातली माती आहे ही. तिथे लेकरं खेळत असतील."

"कुणाच्या दारातली?"

"ते अजून मलाही ठाऊक नाही."

हा शिरस्ता तपासनिसाने स्वतःच घातला होता. अकरा पिशव्या वसाहतीतल्या आणि एक तुलनेसाठी, चांगल्या मातीची. ती तर सकाळी डबा भरायच्या आधीच भरून तयार असायची. मग मदतनीस बाई चिठ्ठ्या काढून नंबर टाकायच्या आणि कुठली पिशवी कुठली, तो कागद पाकिटात बंद करायच्या. निष्कर्षावर सही झाल्यावरच पाकीट फोडायचं. म्हणजे कुणाची भीडभाड नको, असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

"गेल्या वर्षी वसाहतीतली वरची वीतभर माती खरवडून नेली," साहेब म्हणाले. "म्हणून तर सगळं स्वच्छ आलं. ही पिशवी भरताना काहीतरी घोळ झालाय. बाद करा."

"ती खरवडलेली माती टाकली कुठे?"

"ठेकेदाराने लावली विल्हेवाट. आपण कशाला नसते उकिरडे उकरायचे?"

बाहेर बाकावर वसाहतीतल्या शाळेच्या बाई सकाळपासून बसून होत्या. त्यांच्या मुलाच्या रक्तात शिसं सापडलं होतं. एक जरी पिशवी वाईट निघाली तरी वसाहतीतल्या सगळ्या मुलांची तपासणी आणि उपचार कारखान्याला करून द्यावे लागणार होते. नाहीतर फाइल बंद. "दादा, सगळी भिस्त तुमच्यावर आहे," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

फोन वाजला. बायको होती.

"चिमीचं पोट पुन्हा दुखतंय हो. डॉक्टर म्हणतात, उद्या मोठ्या दवाखान्यात या. तुम्ही याल ना?"

"येतो. आता कुठेय ती?"

"गुलाबांच्या वाफ्यात. ती फुकटची माती टाकल्यापासून पोरगी तिथून हलेल तर शपथ. हात, तोंड, सगळं बरबटलंय."

"खेळू दे गं. मोकळ्या हवेत बरं वाटेल तिला."

त्याने फोन ठेवला. साहेब चष्मा पुसत होते.

"मुलगी आजारी आहे, नाही का? अशा वेळी बदली झाली म्हणजे पंचाईतच. डोंगरातल्या त्या ठाण्यावर साधा डॉक्टरसुद्धा नाही म्हणतात." आवाज अगदी मायेचा होता.

तपासनिसाने दाराकडे पाहिलं. उठून जावं, तर साहेबांची खुर्ची दाराला टेकलेली. बसावं, तर पुढ्यात तो कागद. पुरता कात्रीत सापडला होता बिचारा. बाहेरच्या बाईंचा मुलगा त्याच्या डोळ्यांपुढे आला, पण लगेच चिमी आली आणि तिथेच ठाण मांडून बसली. त्याला स्वतःची लाज वाटली. तरी त्याने पेन उचललं.

'पिशवी क्रमांक ७ हाताळताना दूषित. ग्राह्य धरू नये. माती सुरक्षित.' खाली सही.

साहेब कागद घेऊन बाहेर गेले. दार उघडंच राहिलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, उठल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तुम्हालाही लेकरू असेल ना, दादा?"

त्याने पेनाला टोपण लावलं. त्या गेल्या.

निदान सातव्या पिशवीतली माती ज्या दारातली, त्या घराला तरी सावध करावं, असं त्याने ठरवलं. आजच जाऊन तिथल्या आईला गुपचूप सांगायचं, की बाई गं, पोराला मातीत जाऊ देऊ नकोस. तेवढंच पापक्षालन. घर कुठलं ते कळायला हवं होतं. त्याने पाकीट फोडलं आणि मदतनीस बाईंच्या गोल अक्षरांवरून बोट खाली नेलं. चार, पाच, सहा.

'७. तुलनेसाठी, चांगली माती. तपासनिसांच्या घरचा गुलाबांचा वाफा.'