केसांतला आकडा

कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात खाऊच्या कपाटाला कुलूप लावून बायको निर्धास्त व्हायची, म्हणजे कमालच! तिच्याच केसांतल्या आकड्यानं तो ते चुटकीसरशी उघडायचा आणि भूक नसतानाही पोट दुखेपर्यंत बिस्किटं कोंबत राहायचा. मग कुलूप लावून स्वतःला शिव्या घालायचा. शेवटी लाज गिळून तो बायकोला घेऊन समुपदेशक बाईंकडे गेला. "हा हावरटपणा नाही, आजार आहे, बरा होतो," बाई म्हणाल्या. "कुलूप काढा. उबळ आली, की एकट्यानं झुंजू नका, हाक मारा." आज बिनकुलपाच्या कपाटासमोर उबळ आली, तशी त्यानं हाक मारली. "अगं, येतेस का जरा?" ओल्या हातांनी डोळ्यांवरचे केस सावरत ती आली. बोलता बोलता उबळ ओसरली. त्यानं खिशातला आकडा तिच्या केसांत खोचला. "अगंबाई, हा होता कुठे?" "माझ्याकडे कामाला," तो हसला. "आता बेकार झालाय."