कडप्प्याचा ओटा

पिंपळे गुरवच्या आमच्या दोन खोल्यांत कडप्प्याचा काळाभोर ओटा बसला, तेव्हा सासूबाईंनी त्यावरून एकदा तळहात फिरवला आणि चटकन मागे घेतला. जणू विचारल्याशिवाय हात लावला होता.

ओटा माझा, पण राखण त्यांची. लिंबाचा थेंब सांडला की पदराने पुसायच्या. स्टोव्हवरून उतरवलेल्या पातेल्याखाली आधी फडकं सरकवायच्या. माझ्या डोक्याला खोबरेल नसलं तरी चालायचं, ओट्याला रोज हवं.

एकदा ह्यांची पहिली शिफ्ट होती. चहाला उशीर झाला, म्हणून मी गुळाचा मोठा खडा ओट्यावरच ठेवला आणि वर बत्ता उचलला. घाव बसायच्या आत सासूबाईंनी खड्याखाली आपला हात घातला. मला थांबता आलं नाही.

"अगं बाई! आत्याबाई, बोटं गेली असती की!" मी ओरडलेच. "अहो, दगड आहे तो, त्याला काय होतंय? तुम्ही तर जन्मभर खडी फोडलीत."

"व्हय, फोडली." सुजायला लागलेल्या बोटांवर फुंकर घालत त्या ओट्याकडे बघत राहिल्या. "हितल्या समद्या कारखान्यांच्या रस्त्याखाली माझ्या हातची खडी हाय. पर पोरी, माझ्या हाताला लागलेला एक बी दगड कधी आख्खा राहिला न्हाई. ह्यो पयलाच."